क्विंटलमागे आठ

सावद्यात, खतांच्या दुकानावरच्या खोलीत,
रात्री साडेअकरालाही पत्रा तापलेला.
कूलरच्या टाकीत शेवटची बादली ओतून
मी उघडते पाच वर्षांपूर्वीचा कोड.
केळीच्या वखारीचा. वजन, भाव, पट्टी.
लिहिणारी मीच.

आणि मला कोणी ओळखू येत नाही.
एक्स आहे, वाय आहे,
टेम्प आहे, टेम्प-दोन आहे,
एक आहे नुसता 'नवीन',
जो आता या सगळ्यांत जुना.
'फ्लॅग' नावाचा एक उभा आहे दारात,
खरं की खोटं, एवढंच बोलतो,
कशाचं ते सांगत नाही.

बावीस वर्षांची होते. घाई होती.
वाटलं, लक्षात राहील.
लक्षात राहिला तो खुर्चीचा मोडका हात,
आणि खालून येणारा खताचा वास.

आमच्याकडे नावांची कधी कंजुषी नव्हती.
पहिल्या लावणीची ती नवती,
बुंध्याशी फुटलेल्या पिलांची ती पिलबाग,
बाजूला काढलेली ती वापसी,
मृगातली ती मृगबाग.
कांदेबागेत तर कांदा औषधालाही नाही,
पण रावेरपासून यावलपर्यंत
कोणी तिथे कांदा शोधत नाही.
नाव खोटं असलं तरी चालतं कधीकधी,
सगळ्यांनी मिळून खोटं धरलेलं असेल तर.

टेम्प-दोन मात्र माझ्या एकटीचा.
त्याच्या पोटात आठ.
दर शंभरातले आठ तो खातो, गुपचूप,
आणि पुढची ओळ काही पाहिलं नसल्यासारखी
हिशोब करत राहते.
हमाली? तोलाई? कमिशन?
काढून पाहिला. पट्ट्या फुगल्या.
घाबरून परत ठेवला.

मग फोन लावला मुबारकभाऊ तडवींना,
वीस वर्षं काट्याशी उभं राहिलेल्या माणसाला.
झोपेतून उठले. खोकले.
"क्विंटलमागे आठ? दांडा है ना माय तो.
घडाचा दांडा. खात कोणी नाही, पण तोलात येतो."
मग जरा थांबून,
"पण आता तर फण्या सोडवून खोक्यात तोलतात.
दांडा वावरातच राहतो.
तरी कापता का तुम्ही?"

पंखा फिरत होता.
मी काही बोलले नाही.

तीन हंगाम.
तीन हंगाम, जो काट्यावर चढलाच नाही
त्या दांड्याचं वजन
माझा टेम्प-दोन इमानाने वजा करत बसला.
त्याला सांगितलेलंच नव्हतं तो कोण आहे.
दांडा म्हणून हाक मारली असती,
तर पहिल्या खोक्याच्या दिवशीच
कोणाच्या तरी डोळ्यात खुपला असता.
लीलाधरशेठच्या नसेल. माझ्या तरी.

सकाळी शेठ म्हणतील, तिथे 'समायोजन' लिही.
छान शब्द. कुठेही बसतो.
म्हणूनच नको.

मी लिहिते, घडाच्या_दांड्याची_घट.
लांब आहे. ओळ उजवीकडे कलंडते,
लगडलेल्या झाडासारखी.
टेकू देते, पुढच्या ओळीवर आणते.
दारातल्या फ्लॅगला खांद्याला धरून विचारते,
आणि तो निघतो, माल_खोक्यात_तोलला.
म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.
कोणी विचारलं नाही, इतकंच.

जुन्या पट्ट्या मोजायला लावल्यात मशीनला.
सतराशे बारा, अजून मोजणं चालू.
प्रत्येकीवर एकेक नाव आहे, पूर्ण,
वडिलांच्या नावासकट, गावासकट.
ती नावं मी कधी तोडली नव्हती.

लाइट गेली. स्क्रीन तेवढी उजळ.
एक्स काय आहे, ते अजून कळलेलं नाही.
मुबारकभाऊ आता पुन्हा झोपले असतील.